आत माणूस आहे

त्या दिवशी मामा मिक्सरच्या टाकीत उतरला होता आणि ते कारखान्यात कुणाच्याच ध्यानात नव्हतं. फक्त माझ्या कॉम्प्युटरवरच्या पानाला माहीत होतं. मी बनवलेल्या, फुगे लावून उद्घाटन केलेल्या त्या पानाने ती गोष्ट पोटात ठेवली होती आणि वर ते केकचे फोटो मिरवत होतं.

आमच्याकडे भिंतींचा रंग बनतो. पांढरा मुख्य, बाकीचे नावाला. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि मनाला येईल तेव्हा रुसणारा प्रिंटर. मामा याच कारखान्यात फिटर आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. नोकरी त्यानेच लावली असं लोक म्हणतात. खरं तर त्याने फक्त जाहिरात दाखवली आणि मी लागल्यावर "आमची भाची, कॉम्प्युटरवाली" असं वर्षभर सगळ्या शेडमध्ये सांगत फिरला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ओरडले की म्हणायचा, "बरं, नाही सांगत," आणि पुढच्या माणसाला सांगायचा.

मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात इंट्रानेट शिरलं ते कुठल्याशा परिषदेहून आल्यावर. कंपनीचं स्वतःचं आतलं संकेतस्थळ, बाहेरच्याला दिसणार नाही, आपल्या लोकांना सगळं एका जागी. रजेचे अर्ज, शिफ्टचं वेळापत्रक, कँटीनमध्ये आज काय, सूचना, अभिनंदनं. नावही त्यांनीच ठरवलं. 'अंगण'. खाली ब्रीदवाक्य, 'एक कुटुंब, एक पान'. काम मात्र माझ्या एकटीच्या गळ्यात. कुटुंब मोठं असलं तरी भांडी एकीनेच घासायची असतात.

मी आधी लोक कसं काम करतात ते बघायला लागले. कोण कुणाला काय सांगतं, कुठे लिहितं, काय विसरतं. त्यासाठी पॅनेल रूममध्येही बसले. तिथून दोन्ही मिक्सर चालू-बंद होतात. पॅनेल चालवणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बोलतच नाही. मी विचारलं की तो मान हलवायचा आणि त्या हलण्यावरून मी टिपणं काढायची.

पण एक गोष्ट त्याला न विचारताच दिसली. मिक्सर सुरू करायच्या आधी रेडिओ दरवेळी मान वळवून दाराकडे बघायचा. दाराकडे म्हणजे नीट सांगायचं तर उंबऱ्याकडे. त्या दाराला वरही काच होती, पण अगदी खाली वीतभर उंचीची आणखी एक स्वच्छ काच होती, आणि ती उगाच नव्हती. मिक्सर साफ करायला जो टाकीत उतरायचा, तो आपले बूट पॅनेल रूमच्या दाराशी काढायचा, पांढरे गमबूट चढवायचा आणि मग शिडीने वर जायचा. बाहेरची घाण रंगात नको, हे एक कारण. दुसरं कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. दारात बूट आहेत म्हणजे आत माणूस आहे. बूट हलेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. स्विचला लावायचं कुलूपही होतं कधीकाळी. त्याची किल्ली हरवली, कुणी नवी केली नाही, आणि बुटांवर भागत राहिलं.

मला हसू आलं होतं. रात्री मामाकडे जेवताना म्हणालेही, "एवढा मोठा कारखाना आणि तुमचा जीव कशावर, तर जोड्यावर."

"जोडा खोटं बोलत नाही," मामा म्हणाला. "अनवाणी कुठे जाणार माणूस?"

"उद्या कुणी उचलून नेला तर?"

"माझा? त्याला नेणारा चोर आधी नाक धरेल." मामी जोरात हसली आणि विषय तिथेच संपला.

तरी मी ते मनावर घेतलं होतं. 'अंगण'च्या पहिल्या आराखड्यात मी अगदी वर एक लाल पट्टी काढली. 'आत माणूस आहे.' टाकीत उतरणाऱ्याने शेडमधल्या कॉम्प्युटरवर एक ओळ लिहायची, पट्टी पेटायची, तो बाहेर येऊन स्वतः काढेपर्यंत ती हलायची नाही. पॅनेल रूमच्या भिंतीवर एक पडदा, त्यावर हे पान कायम. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मॅनेजरसाहेबांनी आराखडा बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"हे लाल काय आहे?"

"धोक्याची सूचना आहे सर. टाकीत कुणी असेल तर."

"पान उघडलं की पहिल्यांदा धोका? मोठ्या साहेबांना काय वाटेल? आणि हे वेगळे कप्पे कशाला? एक कुटुंब, एक पान. सगळं एकाखाली एक येऊ दे. ज्यावर लोक बोलतील ते वर, बाकीचं खाली. लोकांना आपलं वाटलं पाहिजे."

"सर, पण सूचना खाली गेली तर पॅनेलला दिसणार नाही. भिंतीवरच्या पडद्यावर वरचंच तेवढं दिसतं."

"अहो, दिवसाला सूचना येऊन येऊन किती येणार? तुम्ही तांत्रिक लोक फार बाऊ करता."

मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा नाही बोलले. चाचणीला आम्ही मूठभर माणसं होतो आणि मूठभर माणसांच्या पानावर काही बुडत नाही. सगळं दिसत होतं, म्हणून मीही मनाची समजूत घातली. शहाणपण सुचलं होतं, ते तिसऱ्यांदा सांगायला जीभ रेटली नाही, एवढंच.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात शेडमध्ये रंगरंगोटी झाली. पॅनेल रूमच्या दारावर 'अंगण'चं चित्र छापलेला अपारदर्शक कागद चिकटवला, वरपासून जवळजवळ खालपर्यंत. खालची वीतभर पट्टी सुटली, कारण कागद तेवढाच आला होता. दाराला कार्डाचं कुलूप बसलं. आणि बुटांसाठी शेडच्या तोंडाशी एक छान कपाट आलं, झडपांची दारं असलेलं. उंबऱ्यावर जोडे दिसता कामा नयेत, पाहुणे येणार आहेत, असा हुकूम निघाला. आत माणूस असेल तर 'अंगणा'त लिहा, हा दुसरा हुकूम.

फिटरांनी कुरकुर केली. इतकी वर्षं दारात होते ते जोडे एकदम डोळ्यांत खुपायला लागले का, असं एकाने मला तोंडावर विचारलं. त्यांची समजूत मामानेच काढली. "आमच्या पोरीने केलंय ते. नीटच असणार," तो म्हणाला. ते मी कपाटाच्या मागे उभी राहून ऐकलं. तेव्हा बरं वाटलं होतं. 

उद्घाटनाचा दिवस ठरला तो मोठ्या साहेबांचा वाढदिवस. ही मॅनेजरसाहेबांची कल्पना. सकाळी 'अंगणा'वर पहिली नोंद त्यांनीच टाकली, साहेबांचा फोटो आणि भलामोठा केक. खाली सगळ्यांनी शुभेच्छा लिहायच्या होत्या. आमच्या लोकांना नुसतं लिहा म्हटलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण अकाउंट्सने सगळ्यांत आधी लिहिलं हे स्टोअरला कळलं. मग स्टोअरच्या प्रत्येकाने वेगवेगळं लिहिलं. ते बघून पॅकिंगने केकचे वेगळे फोटो टाकले, विक्री विभागाने कविता टाकली, आणि कवितेला उत्तर म्हणून अकाउंट्सने दुसरी. ज्याचं नाव नसेल त्याच्याबद्दल काय समज होईल या धास्तीने ड्रायव्हर लोकांनीही एका फोनवरून आळीपाळीने लिहिलं. कुणी एक शब्द टाकला की ती नोंद पुन्हा उडी मारून वर. मॅनेजरसाहेब खुशीत होते. "बघा, कसं बोलतंय कुटुंब," ते म्हणाले.

कार्यक्रम कँटीनच्या हॉलमध्ये होता. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून शेडमधून माणसं उचलून आणली होती. सुपरवायझर आले. टाकीच्या तोंडाशी बसून आतल्या माणसावर लक्ष ठेवणारा जोडीदार असतो, तोही आला होता. त्याला बघूनही माझी ट्यूब पेटली नाही. मला वाटलं, आज साफसफाई नसेल.

मी स्टेजवर लॅपटॉप घेऊन उभी. मागे मोठा पडदा. मोठे साहेब पहिल्या रांगेत, घामाघूम. मॅनेजरसाहेबांनी माइक घेतला आणि 'अंगणा'चं कौतुक सुरू केलं. मग म्हणाले, "आणि आता आपण सगळे शेडमध्ये जाऊ. साहेबांच्या हस्ते नाही, पण साहेबांच्या डोळ्यांदेखत आपला मिक्सर दोन फिरेल. पॅनेलला तशी सूचना दिलेली आहे. आपण पोचेपर्यंत फिरायलाही लागेल."

मिक्सर एक सकाळपासून चालू होता, पण तो जुना, रंगाने बरबटलेला. दाखवायला दोन बरा. दोन आज दुपारपर्यंत बंद असणार हे मला वेळापत्रकावरून माहीत होतं. बंद का असणार, हे मी स्वतःला विचारलं. मिक्सर बंद असतो तो साफ करायला.

मी पान खाली सरकवायला लागले. मागच्या मोठ्या पडद्यावरही ते सरकत होतं. केक, फुगे, हात जोडलेली चित्रं, कविता, केक. लोकांना वाटलं मी शुभेच्छा दाखवतेय, टाळ्या पडल्या. स्वतःचं नाव दिसलं की जो तो शेजाऱ्याला कोपर मारत होता. मी सरकवत गेले. कँटीनचा बेत. रजेचा नमुना. आणि त्याच्याही खाली, फोटो नाही, फुगा नाही, एक ओळ.

'मी मिक्सर दोन मध्ये आहे. बूट कपाटात ठेवले आहेत. मामा.'

एका बोटाने टाइप केलेलं. नाव विचारल्यावर माणूस मामा लिहितो, कारण अख्खा कारखाना त्याला माझ्यामुळे मामाच म्हणतो.

मी मॅनेजरसाहेबांच्या हातातून माइक ओढला. "मिक्सर दोन सुरू करू नका. आत माणूस आहे. पॅनेलला फोन करा." आवाज माझा नव्हताच. हॉलमध्ये काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मग सुपरवायझर खुर्ची पाडून उठले आणि भिंतीवरच्या फोनकडे धावले. जोडीदार नुसता उभा राहिला, तोंडाला हात लावून. मी स्टेजवरून उडी मारली.

हॉल आणि शेडच्या मधे एक आवार आहे, पत्र्याने झाकलेलं. अर्ध्यात पोचले आणि भोंगा सुरू झाला.

मिक्सर फिरायच्या आधी भोंगा वाजतो. वाजत असतो तोवर रेडिओ पॅनेलवरचे काटे बघतो, आणि भोंगा थांबला की बटण दाबतो. कानांवर आवाज अडवणारी जाड टोपणं चढवलेली असतात, म्हणजे सुपरवायझरांचा फोन तिथे खुशाल वाजत राहणार. आणि दोन्ही मिक्सरचा भोंगा एकच. टाकीत पाण्याचा फवारा मारणाऱ्या माणसाला ऐकू आलाच तरी त्याला वाटणार, शेजारचा असेल. ही सगळी माहिती मला होती. मी महिनाभर बसून गोळा केली होती, तक्ते काढले होते, त्यांना रंग दिले होते.

पॅनेल रूमच्या दारावर मी कार्ड टेकवलं. दिवा लाल. पुन्हा टेकवलं, लालच. कुणाच्या कार्डाने हे दार उघडायचं हे मीच ठरवलं होतं. पॅनेलवाले, सुपरवायझर, मॅनेजर. माझं इथे काय काम, असं म्हणून मी स्वतःला त्यात धरलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. दार जाड, आत टोपणं, बाहेर भोंगा. तोंडासमोर मी छापून घेतलेला कागद, त्यावर अंगणात हसत बसलेलं कुटुंब. नखांनी तो ओरबाडला, कोपराही निघेना. मला रडू यायला लागलं. टाकीकडे पळावं तर दोन मजल्यांची शिडी आणि तोवर सगळं संपलेलं.

मग मी खाली बघितलं. वीतभर काच. तिच्यातून रेडिओच्या खुर्चीचे पाय दिसत होते.

तो वळून बघणार. पडद्यावर त्याने केक बघितला असेल, त्याचं समाधान झालं असेल, पण बटणाआधी तो वळून उंबरा बघणारच. हुकूम निघाला म्हणून मान ऐकत नाही. आणि मी अशी दारात उभी राहिले तर त्याला काय दिसेल? चपला घातलेले दोन पाय. कुणीतरी वाट बघत उभं आहे, एवढंच. पाहुणे येणारच आहेत.

मी चपला काढल्या. नव्या होत्या, कार्यक्रमासाठी घेतलेल्या, टाचेच्या. काचेला चिकटून जोडीने ठेवल्या, टोकं दाराकडे, मामा ठेवतो तशी. आणि मी बाजूला झाले, भिंतीला पाठ लावून, म्हणजे माझे पाय दिसायला नकोत.

हे सगळ्यांत कठीण होतं. बडवणं थांबवणं. काहीच न करता उभं राहणं. भोंगा कानात घुसत होता आणि मी मनात म्हणत होते, बघ, रेडिओ, बघ रे बाबा, तुझ्या पाया पडते.

भोंगा थांबला.

शेडमध्ये मिक्सर एकची घरघर तेवढी राहिली. मी दोनचा आवाज यायची वाट बघत होते. त्याचा आवाज आधी खालून, जमिनीतून येतो, तळपायांना कळतो. मी अनवाणी होते. तळपायांना काहीच कळलं नाही. फरशी गार होती आणि गप्प होती.

दार आतून उघडलं. रेडिओ उभा होता, टोपणं गळ्यात, चेहरा पांढराफटक. त्याने चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोण आहे आत?" तो म्हणाला. त्याचा आवाज मी नीट असा तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

"मामा," मी म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

 रेडिओ परत आत गेला, मिक्सर दोनचा मोठा खटका खाली ओढला आणि त्याच्या समोरच खुर्ची टाकून पाठ लावून बसला, कुणी खटका वर करायला आलाच असता, तर आधी रेडिओला उचलावं लागलं असतं. मग त्याने तोंड हातांत धरलं.

मागून सगळे येऊन पोचले. सुपरवायझर, जोडीदार, त्यांच्यामागे मॅनेजरसाहेब आणि मोठे साहेब. जोडीदार न थांबता शिडीवर चढला आणि टाकीच्या तोंडातून हाका मारायला लागला. मॅनेजरसाहेब धापा टाकत म्हणाले, "पण नोंद तर होती ना? पानावर नोंद होती."

"होती," मी म्हणाले. "तुमच्या केकखाली होती."

हे मी खाली बसून, अनवाणी, मोठ्या साहेबांसमोर म्हणाले. मला जराही भीती वाटली नाही.  मोठे साहेब दारावरचं चित्र बघत होते, मग वाकून त्यांनी स्वतः त्याचा एक कोपरा धरला आणि जोर लावून खाली ओढला. कागद फाटत फाटत अर्ध्यापर्यंत आला. त्यांना आणखी नाही जमला. उरलेला सुपरवायझरांनी काढला.

मामा खाली आला तो डोक्यापासून भिजलेला, मिशांवर पांढरे शिंतोडे. त्याला काहीच माहीत नव्हतं. वर जोडीदाराला रडताना बघून तो त्याच्यावरच खेकसला असावा, कारण येताना पुटपुटत होता. एवढी गर्दी बघून तो थांबला. मग त्याची नजर उंबऱ्यावर गेली. दोन टाचांच्या चपला, नीट जोडीने, टोकं दाराकडे.

इतक्या वर्षांची सवय. इतक्या लोकांत, इतक्या साहेबांत, त्याने आधी तेच विचारलं.

"आत कोण उतरलंय?"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तू, मामा," मी म्हणाले.

त्याने माझे पाय बघितले. मग रेडिओकडे बघितलं, ओढलेला खटका बघितला. हळूहळू त्याला कळत गेलं. मी उठून त्याला धरलं, तर तो मलाच थोपटायला लागला. ओल्या हाताने, पाठीवर, लहानपणी थोपटायचा तसा.

"घाल चपला," तो म्हणाला. "फरशी गार आहे."

"आधी तुझे बूट आण कपाटातून."

तो शेडच्या तोंडाशी गेला आणि बूट घेऊन आला. पण पायांत घातले नाहीत. उंबऱ्यावर, माझ्या चपलांच्या शेजारी ठेवले. "अजून तळ राहिलाय धुवायचा," तो म्हणाला आणि गमबुटातच पुन्हा शिडीकडे निघाला. या खेपेला जोडीदार त्याच्या मागोमाग गेला.

मला तिथून उठवेना. मी लॅपटॉप मागवून घेतला आणि त्या दाराशीच, दोन जोड्यांच्या शेजारी मांडी घालून बसून लाल पट्टी परत वर चढवली. मॅनेजरसाहेब बघत होते.